मेव्हिसबाईंनी न दिलेले मार्क

पडदा वर जातो तेव्हा समोर टँडलहर्स्ट शाळेचं जेवणघर दिसतं. ओकच्या लांबलचक टेबलांच्या रांगा, भिंतीवर दिवंगत हेडमास्तरांची अकरा तैलचित्रं आणि खिडकीबाहेर सरे परगण्यातली जानेवारीची सकाळ, राखाडी आणि ओलसर. उजव्या विंगेत पितळी तोटीचा चहाचा बंब नुकता उकळू लागला आहे. दहा-अकरा वर्षांची एकशे चाळीस मुलं पारदर्शक पिशव्यांत पेन्सिली घेऊन डावीकडून परीक्षेच्या हॉलात गेली. मागे उरले आईबाप, तीन तासांसाठी. आणि आता ट्रॉलीच्या एका चाकाची कुरकुर ऐकू येते. सगळ्या माना एकदम वळतात. पाठी ताठ होतात. कोणी टायची गाठ सरळ करतं, कोणी ओठांवर जीभ फिरवतं. आणि निळा एप्रन, दुमडलेल्या बाह्या, पायांत कापडी सपाता अशा थाटात मिसेस मेव्हिस पेनफोल्ड प्रवेश करतात.

असा प्रवेश भल्याभल्या नटांना आयुष्यात एखाद्या वेळी मिळतो. मेव्हिसबाईंना तो दर जानेवारीला मिळत होता, आणि त्यांना तो अजिबात नको होता.

"चहा?" त्यांनी पहिल्या टेबलापाशी विचारलं.

"चहा!" एक बाप गहिवरून म्हणाला. "किती नेमका प्रश्न विचारलात, मिसेस पेनफोल्ड!"

"दूध कुठलं घालू?"

बापाने बायकोकडे पाहिलं. बायकोने डोळे मिटून किंचित मान हलवली. "तुम्हाला योग्य वाटेल ते," तो म्हणाला.

मेव्हिसबाईंनी उसासा सोडला, साधं दूध घातलं, एप्रनच्या खिशातून छोटी वही काढली आणि त्यात काहीतरी लिहिलं. टेबलावरच्या आठही जणांचे श्वास अडकले.

सगळं रामायण त्या वहीमुळेच झालं होतं. मेव्हिसबाई शाळेत चाळीस वर्षं होत्या. चहा करायला म्हणून आल्या आणि चहाच करत राहिल्या. नवरा लेन शाळेचाच माळी. तो गेला त्याला आता नऊ वर्षं झाली. संध्याकाळी गावातल्या हौशी नाटकमंडळीत त्या प्रॉम्प्टर म्हणून बसायच्या. बावीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं ओठांवर घेऊन विंगेतल्या अंधारात बसल्या, पण रंगमंचावर एकदाही पाऊल टाकलं नाही. त्यांना तेच आवडायचं. तर पूर्वी चहाची दुसरी फेरी निघाली की घोळ व्हायचा. लोक जागा बदलायचे, ओट्सच्या दुधाचा कप साध्या दुधवाल्याकडे जायचा, साखर न घेणाऱ्याच्या घशात दोन चमचे साखर. म्हणून त्यांनी वही केली. नावं ठाऊक नसत, म्हणून माणूस जसा दिसेल तसा लिहायचा. एका वर्षी एका आईने पाणी मागायच्या निमित्ताने वहीत डोकावलं. आत लिहिलेलं होतं: 'लाल मफलर. चिडका. दूध कमी.'

लाल मफलरवाल्याचा मुलगा त्या वर्षी नापास झाला.

एवढं पुरलं. ईस्टरपर्यंत अर्ध्या परगण्यात बातमी गेली: मुलांची परीक्षा नुसतं नाटक आहे, खरी परीक्षा जेवणघरात होते, आईबापांची. आणि मार्क चहावाल्या बाई देतात. पुढच्या वर्षी कोणी सांगितलं, एकच बिस्किट घ्यायचं. त्याच्या पुढच्या वर्षी अर्धं. बश्यांत कस्टर्ड क्रीम बिस्किटांचे अर्धे तुकडे रांगेने मागे राहिलेले पाहून स्वयंपाकीण ग्लेनिस चक्रावली. मग जार्विस प्लूम नावाच्या निवृत्त भूगोल शिक्षकाने सहा शनिवारांचा 'प्रतीक्षा-कौशल्य' वर्गच काढला. त्यात शिकवायचे, की घोट घेताना खिडकीबाहेर बघावं म्हणजे मन समाधानी दिसतं. कप बशीत ठेवताना आवाज झाला तर दचकू नये, मंद हसावं. आणि मिसेस पेनफोल्डच्या ट्रॉलीच्या चाकाबद्दल चुकूनही बोलू नये, ते मुद्दाम कुरकुरतं ठेवलेलं आहे.

"मी फक्त चहा देते हो," मेव्हिसबाई जीव तोडून सांगायच्या.

"अर्थातच," लोक म्हणायचे, आणि एक डोळा मिटायचे.

"परीक्षक बाई आल्या, उठा सगळे!" त्या स्वयंपाकघरात शिरल्या की ग्लेनिस पळी आपटायची.

"गप बस गं. पुढच्या वर्षी मी चाकाला तेल घालते की नाही बघ."

"नको घालूस, बाई. प्लूमला धडा बदलावा लागेल."

तर त्या शनिवारी ट्रॉली शेवटच्या टेबलाशी पोचली तेव्हा तिथे एक बाई एकटीच बसलेली होती. बस कंपनीचं जाकीट, डोळे तांबारलेले. मुलांच्या रांगेत सकाळी मेव्हिसबाईंनी तिला पाहिलं होतं. मुलीची वेणी एका हाताने घट्ट करत तिनेच विचारलं होतं, "फीमाफीची एकच जागा आहे ना?"

"पूर्ण माफीची एकच."

"मग तीच. दुसरी आम्हाला परवडायची नाही. माझी ब्रायोनी एकटीच अभ्यास करून आलीय. शिकवणी नाही की काही नाही. पुस्तकं लायब्ररीतली, आणि पेपर सोडवायची बसमध्ये, माझ्या मागच्या सीटवर बसून."

तिचं नाव जोडी गॅट. पहाटेची पाळी संपवून ती थेट आली होती. प्लूमचा वर्ग, अर्धं बिस्किट, खिडकी, यातलं काही तिच्या कानावर आलेलं नव्हतं. ट्रॉली येईपर्यंत तिचं डोकं हळूहळू खाली आलं, गाल टेबलाला टेकला आणि ती घोरू लागली. मोठ्याने. जुना ट्रक चढावर घरघरत चढावा तशी.

सगळं जेवणघर थिजलं.

"संपलं बिचारीचं," शेजारच्या टेबलावर कोणी पुटपुटलं.

मेव्हिसबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग स्वतःचं लोकरी जाकीट काढलं, त्याची घडी केली, जोडीचं डोकं अलगद उचलून तिच्या गालाखाली सरकवलं आणि वळून ओठांवर बोट ठेवलं. "शू."

पुढचे दोन तास दोनशे माणसं कुजबुजत बोलली. चमचासुद्धा कोणी कपात जोरात फिरवला नाही.

फेब्रुवारीत निकाल लागला. फीमाफीची एकुलती एक जागा ब्रायोनी गॅटला मिळाली.

आता परगण्यात काय झालं असेल ते तुम्ही ओळखलं असेलच. प्लूमच्या वर्गातल्या लोकांनी त्याला घेरलं. तोही कच्चा नव्हता. "मी म्हणालोच होतो," तो म्हणाला, "सगळ्यांत अवघड असतो तो विश्वास. त्या बाईने शाळेवर एवढा विश्वास टाकला की ती झोपली!" मार्चच्या पहिल्या शनिवारी उरलेल्या चार जागांसाठी दुसरी परीक्षा होती. मेव्हिसबाई ट्रॉली ढकलत जेवणघरात आल्या आणि दारातच थबकल्या.

साठ माणसं टेबलांवर डोकी टेकून झोपली होती. झोपेची सोंगं, तीही इतकी वाईट की नाटकमंडळीत पहिल्या तालमीलाच हाकलून दिलं असतं. कोणी एकसुरी घोरत होतं, कोणी मध्येच एक डोळा उघडून बघत होतं. एका बँकवाल्याने पायजमा घातला होता. दुसऱ्या टेबलावर मिसेस थर्लो नावाची बाई हिरव्या कोटात, रेशमी उशीवर, हात छातीवर घेऊन उताणी पडली होती.

"चहा?" मेव्हिसबाईंनी विचारलं.

कोणी हललं नाही. फक्त बँकवाल्याच्या घशातून एक हुंकार आला, जो 'हो' असावा, पण बायकोने त्याला कोपर मारलं.

बंबभर चहा तसाच राहिला. ग्लेनिस दारात उभी राहून डोळे पुसत होती. "मेव्हिस, यांच्यासाठी अंगाई म्हण गं!" मेव्हिसबाईंना हसू आलं नाही. कारण दोन दिवसांपूर्वी जोडी स्वयंपाकघराच्या मागच्या दारी येऊन गेली होती.

"मिसेस पेनफोल्ड, खरं सांगा. माझ्या पोरीसाठी तुम्ही काही शब्द टाकलात का?"

"मी? कुणाकडे?"

"ती म्हणते, मी जागा घेणार नाही. नाचाच्या वर्गातल्या पोरींनी तिला सांगितलं, चहावाल्या बाईला तुझ्या आईची कीव आली म्हणून तुला घेतलं. गेले चार दिवस ती पेन्सिल हातात धरत नाहीये. पुढच्या शुक्रवारपर्यंत होकाराचं पत्र गेलं नाही तर जागा दुसऱ्याला देतील."

"अहो, पण मी काहीच केलेलं नाही!"

"मला पटतंय," जोडी म्हणाली. "तिला पटायला हवं."

आणि त्या झोपाळू शनिवारानंतर दोन दिवसांनी निकाल लागला, आणि त्याच संध्याकाळी मिसेस थर्लोंची तक्रार आली. तीन पानी. त्यांनी प्लूमच्या सहाही वर्गांची फी भरली होती, जानेवारीत खिडकीबाहेर बघितलं होतं, मार्चमध्ये अडीच तास उताणं झोपून मान धरली होती. तरी त्यांच्या पिअर्सला जागा नाही आणि बसवाल्या बाईच्या मुलीला आहे. हा उघड पक्षपात आहे. गॅट प्रवेश रद्द व्हावा.

बुधवारी चौकशी बसली. हेडमास्तर डॉक्टर क्रेल, सगळ्यांना घाबरणारा सज्जन माणूस. विश्वस्तांचे अध्यक्ष ब्रिगेडियर टॉफ्ट. समोर हिरव्या कोटात मिसेस थर्लो. आणि मेव्हिसबाई सहा वर्षांच्या वह्या पिशवीत घालून. मन घट्ट करून त्या आल्या होत्या. आपण कोणीही नाही हे आज काही झालं तरी सिद्ध करायचंच.

"मिसेस पेनफोल्ड," ब्रिगेडियर म्हणाले, "तुम्ही मुलांना मार्क देता?"

"नाही साहेब. मी चहा देते."

"तसं तर सगळेच म्हणतात," मिसेस थर्लो म्हणाल्या.

"कोण सगळे? चहा देणारी मी एकटीच आहे!"

ब्रिगेडियरांनी वही उघडली. भिवया वर गेल्या. पान उलटलं, आणखी एक उलटलं. मग ते वाचतच राहिले, रविवारचा पेपर वाचावा तसे. "'टकला. बायकोला बोलू देत नाही. बिनसाखरेचा.' अगदी बरोबर! याचा मुलगा पहिल्याच सत्रात काढून न्यावा लागला. क्रेल, हे पाहा. 'फुलांची टोपी. प्रेमळ. दोनदा आभार.' हिची पोरगी आपल्याकडची हेड गर्ल!"

"आपल्या मानसशास्त्रज्ञांच्या अहवालात एवढं नसतं," डॉक्टर क्रेल हळूच म्हणाले.

"साहेब, मी ते दुधासाठी लिहिते!"

ब्रिगेडियरांनी आणखी एक पान उलटलं. चार वर्षांपूर्वी त्यांचा नातू परीक्षेला बसला होता. पानावर लिहिलेलं होतं: 'मिशा. मोठ्याने बोलतो. तीन साखर, बायको आली की एक.' त्यांनी वही मिटली, घसा खाकरला.

"क्रेल, या बाईंना वरची जागा द्यायला हवी. प्रवेश निरीक्षक किंवा असंच काही. स्वतंत्र खोली, खुर्ची."

बावीस वर्षं अंधारात बसलेल्या बाईला कोणी अचानक मधोमध उजेडात उभं करावं तसं मेव्हिसबाईंना झालं. खोटं कशाला बोला, क्षणभर त्यांना खुर्ची दिसलीसुद्धा, हातांची, निळ्या गादीची. पाय फार दुखायचे अलीकडे. पण 'हो' म्हटलं की जोडीची पोरगी कायमची त्यांच्या कृपेने पास झालेली ठरली असती.

"नको," त्या म्हणाल्या. "साहेब, तुम्ही एवढं वाचलंत, तर मिसेस गॅटबद्दल मी काय लिहिलंय तेही वाचा."

ब्रिगेडियरांनी यंदाची जानेवारीची पानं चाळली. पुढून मागून चाळली. "काहीच नाही."

"झोपलेल्या माणसाला दूध कुठलं ते कसं विचारणार? तिने चहाच घेतला नाही. म्हणून नोंद नाही."

ब्रिगेडियर आयुष्यभर नकाशे वाचलेले गृहस्थ. एखादा निष्कर्ष हाती लागला की तो थेट शेवटपर्यंत न्यायचा ही त्यांची सवय.

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "मिसेस पेनफोल्ड मार्क देत असतील, तर यंदा जानेवारीत जेवणघरातल्या प्रत्येकाला त्यांनी मार्क दिले. फक्त गॅट सोडून."

"मी देतच नाही—"

"थांबा बाई. म्हणजे जानेवारीच्या संपूर्ण यादीत एकच प्रवेश असा आहे, की ज्यावर वहीची सावलीसुद्धा नाही. संशय घ्यायचाच तर बाकी सगळ्यांवर घ्यावा लागेल. सहा वर्षांतल्या." त्यांनी आणखी एक जुनी वही ओढली. "मिसेस थर्लो, तुमची थोरली मुलगी आपल्याकडेच आहे ना? दोन वर्षांपूर्वीची नोंद: 'हिरवा कोट. आज हसल्या. लिंबू.'"

मिसेस थर्लोंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "आणि यंदा? यंदा काय लिहिलंय?"

"'हिरवा कोट. तिरसट. लिंबू.'"

"तिरसट? मी?"

"त्या दिवशी जरा होतात, बाई," मेव्हिसबाई मऊपणे म्हणाल्या. "कस्टर्ड क्रीम संपली होती. कोणीही होईल."

तक्रार पाच मिनिटांत मागे घेतली गेली. जाता जाता ब्रिगेडियरांनी आणखी एक निष्कर्ष काढला: मार्चच्या परीक्षेत एकही नोंद नाही, तेव्हा शाळेच्या इतिहासातली ती सर्वांत निर्दोष परीक्षा. पुढच्या वर्षीच्या पत्रात 'पालकांनी शक्यतो झोपावे' असं घालावं का, यावर डॉक्टर क्रेल आणि ते अर्धा तास बोलत बसले. मेव्हिसबाई वह्या पिशवीत भरून निघाल्या. कागदावर प्रवेश पक्का झाला होता. पण नको म्हणणारी पोरगी बाकी होती, आणि हातात दोनच दिवस.

गुरुवारी चार वाजता त्या शाळेसमोरच्या थांब्यावरून जोडीच्या बसमध्ये चढल्या. चालकाच्या मागच्या सीटवर ब्रायोनी बसलेली, दप्तर मांडीवर, बंद. मेव्हिसबाई शेजारी टेकल्या.

"तुम्ही त्या," ब्रायोनी म्हणाली. "मला तुमची जागा नको."

"माझ्याकडे जागा नाहीच. तुझ्या आईला मी चहासुद्धा दिला नाही. ती घोरत होती."

"मी घोरत नाही!" समोरून जोडी ओरडली.

"घोरतेस, आई." ब्रायोनीने पुन्हा मेव्हिसबाईंकडे पाहिलं. "सगळे म्हणतात पेपर तुम्हीच तपासता."

"मी? एक काम कर. तुला अवघड गेलेलं एखादं गणित मला घाल."

ब्रायोनीला हे अपेक्षित नव्हतं. तिने जरा विचार केला. "शेवटचं होतं ते. टाकी एका नळाने चाळीस मिनिटांत भरते, दुसऱ्याने साठ मिनिटांत. दोन्ही एकदम सोडले तर?"

"शंभर," मेव्हिसबाई ठामपणे म्हणाल्या.

"शंभर? दोन नळ सोडल्यावर जास्त वेळ लागेल?"

"मग पन्नास. मधलं काहीतरी."

"एकट्या पहिल्यानेच चाळीस लागतात की!"

"असं कसं? आमच्या बंबाला तर एकच तोटी आहे."

"अहो, बंब राहू दे! नीट ऐका. एका मिनिटात पहिला नळ किती भरेल?" ब्रायोनीने दप्तर उघडलं, पेन्सिल काढली, बसच्या तिकिटाच्या पाठीवर टाकी काढली. दोन थांबे ती समजावत होती. मेव्हिसबाई मनापासून ऐकत होत्या आणि मनापासून चुकत होत्या. त्यात अभिनयाचा लवलेश नव्हता. बावीस वर्षांत इतकी प्रामाणिक भूमिका गावाच्या रंगमंचावर कोणी केली नव्हती.

"चोवीस!" शेवटी ब्रायोनी जवळजवळ किंचाळली. "चोवीस मिनिटं! तुम्हाला खरंच येत नाही!"

"नाही गं. अजूनही कळलं नाही."

मागच्या सीटवरचे आजोबा म्हणाले, "मलाही नाही."

ब्रायोनी हसायला लागली. तोंडावर हात ठेवून, मग हात काढून. मग तिकिटावरच्या चोवीसकडे बराच वेळ पाहत राहिली. शेवटच्या थांब्यावर बस रिकामी झाली तेव्हा तिने दप्तरातून चार घड्या झालेलं होकाराचं पत्र काढलं आणि आईपुढे धरलं. जोडीने स्टिअरिंगवर ठेवून सही केली. सही थोडी तिरकी आली.

"सरळ कर ना," ब्रायोनी म्हणाली.

"तिरकीच जाऊ दे. पोचली म्हणजे झालं."

मेव्हिसबाई उठल्या. गुडघे धरले होते. पायरीवर त्या दांडा धरून उभ्या होत्या तेव्हा मागून ब्रायोनीने विचारलं, "मिसेस पेनफोल्ड, तुम्ही लहानपणी बसला होतात अशा परीक्षेला?"

"बसले होते की. अकराव्या वर्षी."

"मग?"

"नापास."

"नळाच्या गणितात?"

"नाही गं, तिथवर पोचलेच नाही. सर्दी झाली होती मला. दोन तास शिंक दाबून बसले. शिंकायची परवानगी कोणाकडे मागायची, ते पेपरात कुठे लिहिलंच नव्हतं."